आईचा उजवा हात : प्रकल्प नोंदी (जुलै २०२४ ते फेब्रुवारी २०२५)

१४ जुलै २०२४, रविवार

मी सुतार. घर सिंधुदुर्गात आचऱ्याजवळ, मागच्या पडवीत माझं काम चालतं. हातात करवत असली की प्रत्येक दुखण्यावर लाकडाचाच उपाय सुचतो, तसं माझं झालं. त्यात काय काय फसलं ते लिहून ठेवतोय. आणखी कुणाच्या घरी असंच झालं तर त्यांनी निदान नवीन चुका कराव्यात.

आई, वय ६४. २२ जूनला पहाटे अंगावरून वारं गेलं (पक्षाघाताचा झटका, स्ट्रोक), उजवी बाजू. पाच वाजता चुलीपुढे बसलेली असताना हातातली फुंकणी गळून पडली. आम्ही तेल चोळत बसलो. कुणी वाताचं म्हणालं, कुणी देवाला कौल लावा म्हणालं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे हॉस्पिटलात पोचल्यावर कळलं. तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पहिली चूक ही, आणि तिला दुरुस्ती नाही.

आज बावीस दिवस झाले. बोलणं जड झालं होतं, ते बरंच सुटलं. धरून धरून घरात चालते. हाताचं मात्र तसं नाही. खांदा जरासा वर जातो, बोटं थोडी मिटतात, उघडत नाहीत. परवा मी तो हात उचलून उशीवर ठेवला तर म्हणाली, "ह्यो हात माझो न्हय. कोणाचो ता इचार."

कणकवलीच्या फिजिओथेरपी मॅडमनी फ्युगल-मेयर नावाची चाचणी घेतली, हात किती हलतो ते मोजणारी. स्वीडनमध्ये १९७५ साली बसवलेली, हातासाठी एकूण ६६ गुण. आईला १४.

भाची मुंबईत फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या नोंदींत संशोधनाचं जे काही येईल ते तिने फोनवर समजावलेलं. सुतारकाम आणि घोळ माझे.

१८ जुलै

मामा भेटायला आले आणि मायेनं आईला काखेत हात घालून उठवलं. रात्री खांदा ठणकायला लागला. मॅडमनी आज बघितलं, खांद्याच्या वर एक बोट मावेल एवढी फट. स्नायूंत जोर नसला की हाताच्या वजनानेच दंडाचं हाड सांध्यातून खाली ओघळतं, त्यात वर कुणी ओढलं की संपलंच.

दुरुस्ती: बसली की हाताखाली उशी. उठवताना कमरेला धरायचं, हाताला नाही. झोळी फक्त चालताना. बाबा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी खडूने माजघराच्या दारावर लिहिलं: "उजवा हात ओढू नये. हुकमावरून." पाहुणे वाचतात, हसतात, पण ओढत नाहीत.

२१ जुलै

आज माझं पहिलं यंत्र. जुन्या विहिरीची कप्पी पडून होती, ती घासून तेल घालून पडवीच्या वाशाला टांगली. वरून दोर, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. उजवा हात मुठीला पंचाने बांधायचा, डाव्याने दोर खाली ओढायचा, उजवा आपोआप वर जातो. दोर ९० रुपये, बाकी घरचं. तीन तास गेले. आई खूश, मी त्याहून खूश. आईने गंमत म्हणून "पाणी येयत काय रे?" असं विचारलंसुद्धा. सकाळ-संध्याकाळ पंधरा पंधरा मिनिटं ठरवलं.

मॅडमना विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय आहे असं वाटलं.

२ ऑगस्ट

कप्पी उतरवली.

आठ दिवसांपासून आई रात्री कण्हायची. उजव्या कुशीवर वळली की जागी. मला वाटलं हात चालायला लागला म्हणून दुखतोय, दुखणं म्हणजे फायदा. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आईच्या खांद्याकडे. हात वर जाताना खांद्याचं पातं त्याच्याबरोबर फिरावं लागतं. इथे पातं जागेवर आणि हात दोराने ओढलेला, म्हणजे मधली नाजूक जागा दर खेपेला चिमटत होती.

रात्री भाचीने सांगितलं की हे १९९० साली तपासून झालंय. अठ्ठावीस रुग्ण, तीन गट. थेरपिस्टने हात हलवून दिला त्या गटात ८ टक्क्यांचा खांदा दुखायला लागला, चाकाच्या फळीवर हात सरकवला त्यात १२ टक्क्यांचा, आणि डोक्यावरच्या कप्पीच्या गटात ६२ टक्क्यांचा. चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि मी वाशाला कप्पी टांगून स्वतःची पाठ थोपटत होतो. किती घरांत आजही अशी कप्पी लटकत असेल देव जाणे, मेडिकलच्या दुकानात तर तयार मिळते.

खर्च दोराचा ९०, वेळ बारा दिवस, शिवाय खांदा शांत व्हायला पुढचे तीन आठवडे. आतापर्यंतचं सगळ्यात महाग यंत्र.

६ ऑगस्ट

त्या तीन गटांतला मधला डोक्यात राहिला: फळीवर हात सरकवणं. नऊ मिलीमीटर प्लायचा तुकडा, खाली चार छोटी चाकं, वर हात बांधायला पट्टा. चाकं १६० रुपये. टेबलावर ठेवली तर चाकं फक्त सरळ जातात, तिरकं वळताना अडतात आणि आई खांदा उडवून फळी ढकलते. नापास.

मग चुलतभावाच्या पोराचा कॅरम दिसला. चाकं काढून टाकली, फळीच्या तळाला जुन्या घोंगडीचा तुकडा चिकटवला, कॅरमवर पावडर मारली. फळी अशी सरकते की फुंकर घालावी. चार कोपऱ्यांची चार भोकं म्हणजे चार ठिकाणं: "आता डाव्या भोकाकडे, आता समोरच्या." हाताचं वजन बोर्डावर, खांद्यावर ताण नाही, आणि जेवढं हलतं तेवढं तिचं स्वतःचं. मॅडम बघून म्हणाल्या, हे ठेवा.

पोराने कॅरम परत मागितला नाही अजून, पण रोज संध्याकाळी येऊन बघून जातो.

१४ ऑगस्ट

भेटायला येणारा प्रत्येक जण स्पंजचा चेंडू आणतो. तीन झाले. "दाबत रवा, ताकद येतली." आईही इमानदारीत दाबते.

मॅडमनी तिन्ही काढून घ्यायला लावले. मिटणं तिला जमतंच, उलट आता हात आपोआप मिटतोय, अंगठा आत आणि बोटं वर. तिला उघडणं पाहिजे. जे येतंय त्याचाच सराव करून जे येत नाही ते कसं येणार? आता उलटं करतो: मनगट टेबलाच्या कडेवर, बोटं खाली लोंबती, आणि बोटांनी काजूची बी पुढे ढकलायची. आज दहा खेपांत एकदा बी हलली. वाऱ्याने नाही, मी पंखा बंद केला होता.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

आरसा. याची कल्पना मूळ व्ही. एस. रामचंद्रन यांची, हात तुटलेल्या माणसांना नसलेल्या हातात ज्या कळा येतात त्यांच्यासाठी. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्ट्रोकच्या नऊ रुग्णांवर तीच युक्ती करून बघितल्याचं आलं आणि मग जगभर पसरली. आरसा छातीसमोर उभा, चांगला हात आरशापुढे, लुळा हात आरशामागे. चांगला हात हलवत आरशात बघायचं, डोळ्यांना दिसतं की लुळाच हात हलतोय.

काचेच्या दुकानातून ३० बाय ४५ सेंटीमीटरचा कापून आणला, २२० रुपये. कडा घासून न घेता आणला, माझं बोट कापलं. मागे आधाराला जांभ्याचा चिरा लावला.

पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. आई सरळ सांगायची, "दिसतां ता माझ्या डाव्याच हाताचा." का, ते चौथ्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं (बाई म्हणजे माझी बायको, घरात सगळे तसंच म्हणतात). डाव्या हातात हिरव्या बांगड्या. उजवा सुजला तेव्हा हॉस्पिटलात त्या बाजूच्या कापून काढल्या होत्या. आईला ठाऊक होतं की उजवा हात मोकळा आहे, मग आरशात बांगड्यांचा हात दिसला तर तो उजवा कसा मानायचा?

बांगड्या उतरवू म्हटलं तर भडकली. नवरा जिवंत असताना दोन्ही हात रिकामे? बाईंनी कासाराकडून दोन मापं मोठ्या तशाच बांगड्या आणल्या, सूज उतरलेल्या हातात अलगद घातल्या. ४० रुपये. संध्याकाळी आरशात बघत डावं मनगट वर करत होती आणि एकदम थांबली. म्हणाली, "ह्या वाजला खंय?" बांगड्या आरशामागून वाजल्या होत्या. मागे जाऊन बघितलं. मनगट उचललं गेलं नव्हतं, पण तेवढी थरथर होती.

आरशामुळे, की दोन महिन्यांत आपोआप येणारच होतं ते आलं, मी पैज लावणार नाही. आरसा ठेवलाय. रोज वीस मिनिटं. जास्त केलं की कंटाळते आणि भलतीकडेच बघते.

२ सप्टेंबर

मोजायची पेटी केली. ही माझी आवड, म्हणून मापं नीट देतो: पेटीची लांबी ५३.७ सेंटीमीटर, रुंदी २५.४, मधे आडवी फळी १५.२ उंच. एका बाजूला अडीच सेंटीमीटरचे दीडशे ठोकळे. साठ सेकंदांत एकेक करून फळीपलीकडे किती टाकले ते मोजायचं. जगभर हीच पेटी वापरतात.

ठोकळे फणसाच्या लाकडाचे. पहिले साठ २.२ चे निघाले, करवतीच्या पात्याची जाडी धरायला विसरलो. सुताराने हे सांगणं बरं नाही, पण सांगतो. ते पोरांना खेळायला दिले. दुसऱ्या खेपेला दोन रात्री गेल्या. पावसाळी हवेत कोपरे फुगले, परत घासले, मेण फिरवलं.

आजचा आकडा: डावा ५१, उजवा ३. उजव्याने ठोकळा धरता येतो, सुटत नाही. फळीपलीकडे नेऊन हात झटकते.

मोजायला सुरुवात का केली: भाचीने सांगितलं की २००९ मध्ये अमेरिका-कॅनडात कुणी थेरपीच्या तासांना बसून नुसतं मोजलं. हाताने काही उपयोगाचं करायचे सराव एका बैठकीत सरासरी ३२ व्हायचे. प्राण्यांच्या प्रयोगांत मेंदू बदलताना दिसतो तिथे शेकड्याने होतात. मी आमचं मोजलं. अर्धा तास बसलो होतो, घाम आला होता, गप्पाही झाल्या होत्या. आकडा निघाला २६.

बाबांना हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले, रकाने आखले, वर लिहिलं "वेबिल", म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद. दर दहा खेपांना चिंचोका वाटीत. ध्येय रोज ३००.

५ ते १४ सप्टेंबर

गणपती. सात तारखेला आले, गौरीसकट विसर्जन. घरात मुंबईची चौदा माणसं. सराव शून्य. प्रत्येकाने आईला भरवलं, वेणी घातली, पदर सारखा केला. दहा दिवसांनी ठोकळे मोजले, ५. कमी झाले नाहीत एवढंच.

त्यातच घरची बैठक झाली आणि ठरलं की कणकवलीच्या फेऱ्या थांबवायच्या. मॅडमचे ४०० रुपये, पाय अजून एसटीची पायरी चढत नाही म्हणून रिक्षा जाऊन-येऊन ९००, आठवड्यातून दोनदा. "सगळा घरीच करतांव मां, मग कित्याक?" मीही मान हलवली. यंत्रं माझी, वेबिल बाबांचं, आणखी काय लागतं.

२९ सप्टेंबर

आकडे घोड्यासारखे पळाले. १६ ला ६, २० ला ९, २५ ला १२. बाबा रोज फोनवर सगळ्यांना सांगायचे. मी भाचीला व्हिडिओ पाठवला. तिने दोनदा बघितला आणि विचारलं, "मामा, आजीचा हात बघू नकोस, पाठ बघ."

बघितली. ठोकळा टाकताना आई कमरेतून पुढे झुकते, खांदा कानाला लागतो, कोपर जसं वाकलेलं तसंच. हात पुढे जातच नाही, सगळं धड हाताला घेऊन जातं. आम्ही महिनाभर वाकायचा सराव करून घेतला होता आणि तो उत्तम झाला होता.

आज साडीच्या जुन्या पट्ट्याने छाती खुर्चीच्या पाठीला सैल बांधली, तिला विचारून. आकडा बारावरून ४.

आई रडली. बाबा वही मिटून ओटीवर जाऊन बसले. मला वाटलं संपलं आता. तासाभराने आत आले ते ठरवूनच: पाठ टेकलेली, कोपर सरळ झालं, बोटं उघडली, तर फुल तिकीट. पाठ सुटली तर हाफ. खांदा कानाला लागला तर विनातिकीट, वर दंड म्हणून परत करायचं. मागची सगळी पानं काढून त्यांनी लाल पेनाने प्रत्येक आकड्यापुढे "तपासले नाही" लिहिलं.

आणि मॅडमकडे परत जायचं ठरलं, आठवड्यातून एकदा. भाचीने तेव्हा सांगितलं की घरच्यांनीच व्यायाम घ्यायचा ही कल्पना भारतातच मोठी तपासलेली आहे. १४ हॉस्पिटलं, १,२५० रुग्ण, २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये आलं. घरच्या माणसांना शिकवून त्यांच्यावर सोपवलं त्या गटात सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन काही कमी झालं नाही. पैसे आणि फेऱ्या वाचतील अशी आमच्यासारखीच सगळ्यांना आशा होती. घरच्यांनी करू नये असा मी याचा अर्थ घेत नाही, नाहीतर ही वही मिटावी लागेल. पण पाठ सुटतेय हे बघायला घरचा डोळा पुरला नाही, हे आमच्या पडवीत घडलंय.

९ ऑक्टोबर

नवीन प्रयोग, या वेळी मॅडमना आधी विचारून. चांगला हात बांधून ठेवायचा आणि अशक्त हाताकडून कामं करून घ्यायची. एडवर्ड टाऊब यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून आलेलं: हात थोडा चालत असूनही जनावर तो वापरायचं सोडून देतं, कारण दुसऱ्याने पटकन होतं. आमच्या घरात दुसरा हात म्हणजे बाबा. तिने तांब्याकडे बघितलं की तांब्या तोंडाशी.

२००६ मध्ये अमेरिकेत २२२ जणांवर मोठी तपासणी झाली. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले, दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगल्या हातावर हातमोजा. त्यांना फायदा झाला आणि वर्षभर टिकला. पण सगळ्यांना घेतलं नव्हतं. मनगट आणि बोटं किमान १० अंश स्वतःहून वर आली पाहिजेत ही अट. मी कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजलं: मनगट २५, बोटं जेमतेम १०, अंगठा सोडून. मॅडमनी परत मोजलं आणि हो म्हणाल्या, पण दिवसाला तीनच तास.

मोजा बाईंनी गोधडीच्या तुकड्याचा शिवला. पहिल्या दिवशी आईचं म्हणणं: "एक हात बांधलंस, आता तोंड पण बांध."

११ ऑक्टोबर

पडली. मोजा घातलेलाच ठेवून न्हाणीत गेली, दाराची चौकट धरायला डावा हात पुढे केला, गोधडी ओल्या लाकडावरून सटकली. गुडघा फुटला, कंबर वाचली. बाबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत आणि त्यांचं बरोबर होतं.

भाचीला सांगितलं तर म्हणाली, असल्या कार्यक्रमात पहिल्याच दिवशी लेखी करार करतात, मोजा कधी काढायचा त्याचा. मी ते वाचलं होतं आणि कागदी घोडे म्हणून सोडलं होतं. आता भिंतीवर आहे: न्हाणी, पायऱ्या, चूल, चालताना मोजा काढायचा. बसून काम करतानाच घालायचा. खाली आईचा डाव्या हाताचा अंगठा आणि बाबांची सही.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. मोज्याचे तीन तास कागदावर, प्रत्यक्षात दोन-सव्वादोन. तरी ठोकळ्यांपेक्षा यात जीव आहे. उजव्या हाताने केलेलं: सुपाऱ्या परातीतून टोपलीत, पाण्याचा अर्धा पेला तोंडापर्यंत (सांडून), टेबल पुसणं, पोह्याच्या डब्याचं सैल झाकण उचलणं. तव्यावरचं घावन उलटायचा हट्ट होता, चूल करारात असल्यामुळे थंड तव्यावर केलं. बाबांनी ते तीन वेळा फुल तिकीट धरलं. मी एक हाफ म्हणत होतो. वाद झाला.

पेटी, पाठ बांधून: १४.

२४ नोव्हेंबर

आकड्याची हाव. बाबांनी ध्येय ३०० वरून ४५० केलं. दहा दिवस झालेही. मग खांदा परत बोलायला लागला, हात संध्याकाळी लाकडासारखा कडक, बोटं रात्री मिटलेली ती सकाळपर्यंत. पेटी १४ वरून ११.

भाचीने जे सांगितलं ते बाबांना पचायला जड गेलं. ज्यांनी आधी ३२ चा आकडा काढला त्याच मंडळींनी २०१६ मध्ये मुद्दाम तपासलं. झटक्याला सहा महिने उलटलेले ८५ जण, वेगवेगळे गट: एकूण ३,२०० खेपा, ६,४००, ९,६०० आणि जमेल तितक्या. जास्त खेपांच्या गटाला जास्त फायदा, असं काही दिसलं नाही.

"मगे माझा वेबिल कित्याक?" हा बाबांचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. ३२ फारच कमी, हे मला अजून पटतं. पण साडेचारशे थकलेल्या खेपांत फुल तिकिटं किती होती ते आम्ही मागे जाऊन मोजलं तर १४०. आता २०० वर थांबायचं, दर पन्नासला विश्रांती, आणि दर दोन दिवसांनी काम बदलायचं, सोपं झालं की थोडं अवघड. पेला अर्ध्याचा पाऊण. सुपारीच्या जागी काजू, काजूच्या जागी चिंचोका.

कडकपणासाठी डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. त्याने आई दिवसभर पेंगते, म्हणून फक्त रात्रीची ठेवलीय, त्यांना विचारूनच.

२२ डिसेंबर

आज सहा महिने. नातेवाइकांचा हिशोब ठरलेला: सहा महिन्यांत आलं ते आलं. पुण्याच्या मेहुण्याने ऑनलाइन मिळणाऱ्या हवेच्या हातमोज्याचा व्हिडिओ पाठवला, बोटं आपोआप उघडतो-मिटवतो, १४,००० रुपये, अर्धे मी देतो म्हणाला. माझे हात शिवशिवले. सुताराचा जीव, यंत्र दिसलं की पाघळतो.

कप्पी आठवली म्हणून आधी भाचीला विचारलं. तोच मोजा कुणी मोठ्या प्रमाणावर तपासलाय असं तिने सांगितलं नाही, पण हाताच्या रोबोटची मोठी तपासणी ब्रिटनमध्ये झाली आहे, ७७० रुग्ण, २०१९ साली छापून आली. नेहमीच्या उपचारापेक्षा रोबोटने हात जास्त कामाला लागला असं निघालं नाही. तिथला रोबोट खांदा-कोपर हलवणारा मोठा होता, याच्याशी थेट तुलना नको, हेही तिनेच बजावलं. मोजा घेतला नाही. मेहुणा नाराज.

सहा महिन्यांच्या हिशोबाबद्दल: लंडनच्या क्वीन स्क्वेअरला तीन आठवड्यांत नव्वद तासांचा कार्यक्रम असतो, तिथले २२४ जण तपासले, बहुतेकांना झटका येऊन वर्षाच्या वर झालेलं. हात सुधारले आणि पुढचे सहा महिने टिकले. अर्थात तिथे शिकलेली माणसं दिवसभर मागे असतात. इथे मी, बाबा आणि कॅरम.

पेटी: १८. फ्युगल-मेयर ३६.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

आईला अबोलीचा वळेसर करायचाय असं तिने पहिल्यांदा स्वतःहून सांगितलं. आतापर्यंत सगळी कामं आम्ही ठरवत होतो.

वळेसराला दोन्ही हात लागतात. डाव्याने फुलं जोडीने ठेवायची, उजव्याच्या अंगठ्याने दोरा दाबून गाठ ओढायची. आणि अंगठाच येत नाही. बाकीची बोटं ठोकळा सोडतात, अंगठा अजून तळहाताशी चिकटून. मी फळीवर दोन खिळे मारून दोरा ताणून दिला, म्हणजे अंगठ्याला धरायचं काम राहिलं नाही, नुसतं दाबायचं. दोऱ्याऐवजी आधी सुतळी घेतली, मग केळीचं सोपट. तीन फुलं. चौथ्याला सुटलं आणि तिने फळी ढकलून दिली.

"फुलां फुकट घालवतंस," म्हणाली. मला की स्वतःला, कळलं नाही.

२ फेब्रुवारी

वळेसर, पाचवा प्रयत्न: अकरा फुलं, दोन गाठी बाईंनी ओढल्या. बाबांनी दोन हाफ लिहिलं. आईने तो केसात न घालता देवाच्या फोटोला लावला, गाठी ढिल्या आहेत म्हणून.

जमत नाही ते: ब्लाउजचे हूक, विळीवर नारळ (उजव्या हाताने करवंटी धरवत नाही, डाव्याने खोवायला शिकतेय), सुईत दोरा. जमतं ते: जेवताना भात कालवणं, पाण्याचा पाऊण पेला, तांदूळ निवडताना खडा सरकवणं, नळ. रात्री कूस बदलताना खांदा दुखत नाही. फ्युगल-मेयर ४१. पेटी २५, पाठ टेकून.

खर्च मांडला: मॅडम आणि रिक्षा मिळून ३६,४००. नोव्हेंबरपासून एसटीने जातो, आईला अर्धं तिकीट, बाबांना मोफत, त्यामुळे रिक्षाचा खर्च थांबला. माझी सगळी यंत्रं मिळून दीड हजाराच्या आत, त्यातलं वापरात आहे ते कॅरमची फळी, आरसा, पेटी आणि वळेसराचे दोन खिळे. माझे बुडालेले कामाचे दिवस बाबांनी वेबिलात वेगळे लिहिलेत, एकोणचाळीस.

१६ फेब्रुवारी

आचऱ्याच्या पलीकडच्या वाडीत एकाला महिन्यापूर्वी झटका आला. त्यांचा मुलगा पेटी बघायला आला होता. घरी गेल्या गेल्या वाशाला कप्पी टांगल्याचं त्याने उत्साहाने सांगितलं. आधी ती उतरवून ये म्हटलं, मग पेटीचं बोलू. त्याने तिथूनच घरी फोन लावला. पुढच्या फेरीला वडलांना मॅडमकडे घेऊन जाणार आहे, आमच्याच एसटीने.

पेटी आठवड्यातले तीन दिवस त्यांच्याकडे, चार आमच्याकडे. देण्यापूर्वी ठोकळे मोजले, १४६ भरले. दोन कोंबड्यांच्या खुराड्यात सापडले. उरलेल्या दोघांचं बाबा म्हणतात पोरांना विचार, पोरं म्हणतात आजोबांना विचारा.